पावतीवरचा शेवटचा आकडा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मामांच्या गावाला गेले होते, फलटणच्या बाजूला, आणि संध्याकाळी दुधाच्या वेळेला लहानपणच्या सवयीनं डेरीत जाऊन बसले. मामांची डेरी म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची खोली, आत काटा, फॅटचं मशीन, टेबल, कॉम्प्युटर आणि भिंतीकडेला कॅन. तिथला वास मला पुण्यात ऑफिसमध्ये बसल्या बसल्या कधीतरी एकदम येतो, वरती ताजं कोमट दूध, त्याच्याखाली कालच्या सांडलेल्याचा आंबूस वास, ओल्या फरशीचं फिनेल आणि बायकांच्या पदरातून आलेला हिरव्या वैरणीचा वास. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद होता. बारा दिवसांपूर्वी वीज पडली तेव्हा आतलं सगळं गेलं होतं, काटा आणि फॅटचं मशीन तेवढं वाचलं, आणि तेव्हापासून मामा काट्यावरचा आकडा बघून हातानं पावत्या लिहीत होते. सव्वीस वर्षं डेरी चालवतायत, अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरच्यासारखं आहे.

४७ नंबरच्या आजी आल्या. आमच्याकडे दूध घालणाऱ्यांना नावापेक्षा कोड नंबरानं जास्त ओळखतात, मी लहान असल्यापासून त्या ४७ नंबरच्या आजीच. किटली ओतली, काट्यावर आकडा थांबला, मामांनी लिहून पावती दिली. आजी एरवी पावती न बघता कमरेच्या पिशवीत घालतात, पण त्या दिवशी दिव्याखाली जाऊन थांबल्या, अंगठा वजनाच्या आकड्यावरून सरकवत शेवटापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. मग म्हणाल्या, ‘ह्ये मशीननं काढलंय का तू लिवलंयस?’

मामा म्हणाले, ‘मीच लिवलंय आजी, कॉम्प्युटर बंद हाय.’

‘आसं व्हय,’ म्हणून त्या गेल्या.

बस एवढंच. पण मामा त्यानंतर रांग संपेपर्यंत गप्प होते. रात्री जेवताना मामींनी दोनदा भाकरी वाढू का विचारलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘सव्वीस वर्षात कुणी असं विचारलं नव्हतं गं.’ आणि थोड्या वेळानं, जरा वेगळ्याच काळजीनं, ‘बाकी माझी नजरच गेली वाटतं. हातानं लिहायला लागल्यापासून हिशोबात दूध कमी पडतंय. एरवी प्रत्येक वेळेला दोन-अडीच किलो जास्तच भरायचं, सांडलवंड त्यातून निघायची. आता तेही नाही. कुठंतरी आकडा चुकत असणार माझा.’

मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं, आजींचं. आपल्याकडं दूध आणि ऊस या दोन गोष्टींवर संसार चालतात आणि दोन्हींच्या मधे एक काटा उभा असतो. काटामारी हा शब्द आमच्या भागातल्या पोराला पाढ्यांच्या आधी कळतो. मापात पाप. माझी आजी, म्हणजे मामांची आई, सांगायची की आधी लिटरच्या मापानं दूध मोजायचे तेव्हा माप फेसासकट भरायचं का फेस बसू द्यायचा यावरून रोज भांडणं व्हायची. मग काटा आला, मग कॉम्प्युटर आला, आणि लोकांना बरं वाटलं ते यासाठी की आकडा आता कुणाच्या हाताला न लागता पावतीवर येतो. काट्याच्या पाठीमागून एक करडी केबल निघते आणि कॉम्प्युटरमागे जाते, त्या केबलवर गावाचा विश्वास आहे. आणि तीच केबल बारा दिवस टेबलाखाली गुंडाळून पडली होती, कारण मामेभावानं बारामतीहून जो जुना कॉम्प्युटर आणला होता त्याला मागे नऊ पिनांचं सॉकेटच नव्हतं.

माझं पोटच या असल्या केबलींवर चालतं. कंपनीत दिवसभर मी छोट्या छोट्या बोर्डांना कॉम्प्युटर जोडून ते काय सांगतायत ते बघत असते. म्हटलं उद्या सकाळचं दूध झालं की बसते.

मी पहिल्यांदा हे केलं ते कॉलेजच्या लॅबमध्ये, ८०५१ नावाच्या चिपच्या बोर्डावर. बोर्डाकडून कॉम्प्युटरला फक्त ‘ए’ हे एक अक्षर पाठवायचं, एवढंच प्रॅक्टिकल. मॅडमनी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणायच्या सामानाची यादी दिली होती, त्यात क्रिस्टल, म्हणजे चिपला ठोके देणारं तिचं घड्याळ, ११.०५९२ मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं. मला तो आकडा इतका विचित्र वाटला की दुकानदारानं बारा देऊ का म्हटल्यावर मी हो म्हटलं, गोल आकडा आहे, फरक तरी कितीसा. घरी येऊन डाग दिले, जोडलं, आलेली अक्षरं दाखवणारं हायपर टर्मिनल उघडलं, आणि ‘ए’च्या जागी नुसते चौकोन आणि कसलीतरी चिन्हं. तीन दिवस प्रोग्रॅम तपासत बसले. मग मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं, ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ नं भागायचं, आलेल्याला ३२ नं, मग ३ नं, बरोबर ९६०० येतं, म्हणजे कॉम्प्युटर ऐकत असतो तो सेकंदाला इतके बिट असा वेग, मागं काही उरत नाही. बारा घेतला तर १०,४१६ आणि वर काहीतरी. साडेआठ टक्क्यांची चूक. एक अक्षर पाठवायला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, ऐकणारा पहिल्या बिटाला आपलं घड्याळ जुळवतो आणि पुढं दहाव्यापर्यंत अंदाजानं चालतो, त्यामुळे पहिल्या बिटाला ती चूक दिसतही नाही आणि शेवटाला येईपर्यंत जवळजवळ अख्ख्या बिटाची होते. तो विचित्र आकडा कुणीतरी भागाकार पूर्ण जावा म्हणून निवडलाय हे कळलं त्या क्षणी मला ही विद्या आवडायला लागली, ते आजतागायत. दुसऱ्या दिवशी परत गल्लीत जाऊन बरोबर क्रिस्टल आणला आणि काळ्या स्क्रीनवर ए ए ए ए अशी ओळ धावत गेली. नंतर पुष्कळ काही केलं, पण तो ‘ए’ वेगळाच.

रविवारी सकाळी दूध आटोपलं, फरशी धुवून झाली, आणि मी काट्याच्या मागे मांडी घालून बसले. आधी मामांना सांगितलं की काटा उघडणार नाही, वजनमापेवाल्यांचं सील आहे त्याला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते बाहेरच्या सॉकेटवर. मामेभाऊ बॅटरी धरून उभा. माझ्या बॅगेत अंगठ्याएवढा एक लाल बोर्ड होता, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पिना, असे बोर्ड आमच्या ऑफिसात ड्रॉवरभर पडलेले असतात. तो म्हणाला, ‘ताई मग जोड की डायरेक्ट.’ म्हटलं थांब, आधी विचारून बघू. मीटरची काळी पिन पाच नंबरला लावली, लाल दोन नंबरला. मीटरवर आलं उणे साडेआठ व्होल्ट.

तो म्हणाला पिना उलट्या लागल्या. नाही लागल्या. काट्याच्या पाठीमागे आरएस-२३२ आहे, दोन यंत्रांनी तारेवरून कसं बोलायचं ते ठरवणारं, हे मानक १९६० चं, मामांचा जन्म ६३ चा, म्हणजे मामांपेक्षा तीन वर्षांनी मोठं. त्याच्यात गप्प बसलेली तार उणे व्होल्टेजवर असते आणि बोलायला लागली की अधिककडे उडी मारते. गप्प असतानाही काहीतरी असावं ही रीत त्याहून जुनी आहे, तारायंत्राच्या काळातली. तेव्हा लाइन रिकामी असली तरी तिच्यात करंट चालू ठेवायचे, म्हणजे पलीकडचा माणूस गप्प आहे की मधे तार तुटलीय हे कळावं. वेग मोजतात तो ‘बॉड’ हा शब्दही तिथलाच, बोदो नावाच्या फ्रेंच तारायंत्रवाल्याच्या नावावरून आलेला. मला हे सगळं फार जिव्हाळ्याचं वाटतं. फलटणच्या एका पत्र्याच्या खोलीत, किटलीतल्या दुधाचं वजन सांगायला, ती रीत अजून पाळली जातेय.

पण माझ्या लाल बोर्डाला शून्य ते ३.३ व्होल्टच्या पलीकडचं सोसत नाही, उणे साडेआठ दिले असते तर तो तिथंच गेला असता. म्हणून मधे मॅक्स३२३२ चा बोर्ड घातला, नखाएवढी चिप आणि तिच्याभोवती चार-पाच छोटे कपॅसिटर, ती दोन्ही बाजूंचे व्होल्टेज एकमेकांना झेपतील असे करून देते. जुनी करडी केबल मधोमध कापली. आत तीन तारा, तांब्यावर हिरवा गंज चढलेला, इतकी वर्षं दुधाच्या वाफेत आणि पाण्यात राहिल्यावर दुसरं काय होणार. ब्लेडनं खरवडून चकचकीत केल्या आणि डाग दिले. राळेचा धूर वर गेला आणि त्या आंबूस वासात मिसळला, माझी दोन घरं एका खोलीत आल्यासारखं झालं. मामा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, ‘तारा तीन आहेत, तू दोनच कशा जोडल्यास?’ म्हटलं, मामा, हा काटा नुसता सांगतो, त्याला कुणी काही विचारत नाही, चालू असेपर्यंत तो आपला आकडा सांगतच राहतो. त्यामुळे त्याच्या बोलण्याची एक तार आणि ग्राउंडची एक. ग्राउंड मात्र हवीच, नाहीतर साडेआठ व्होल्ट म्हणजे कुठल्या जमिनीपासून साडेआठ, हे दोघांचं ठरतच नाही. मामांनी मान हलवली. ते त्यांना पटलं, जमीन मोजताना खुंटी कुठली धरायची यावरून वाद घालण्यात त्यांचा जन्म गेलाय.

जोडलं, ९६०० ला उघडलं. स्क्रीनवर कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादा वेडावाकडा स्वर. मामेभावाचा चेहरा पडला, म्हणाला काटापण विजेत गेला वाटतं. मला मात्र आनंद झाला. कचरा येतोय म्हणजे तार जिवंत आहे, पलीकडे कुणीतरी बोलतंय. ४८०० केलं, तरी कचरा, पण वेगळा. २४०० केलं.

+०००.००
+०००.००
+०००.००

काटा एक एक बिट ४१६ मायक्रोसेकंद धरून ठेवत होता आणि आम्ही ९६०० वर तेवढ्या वेळात चार-चारदा डोकावत होतो, एका बिटाचे चार करून वाचत होतो. काट्याचं काही चुकलं नव्हतं. मी मामांना म्हटलं, आता ठेवा काहीतरी वर. त्यांनी शिक्क्याचं पाच किलोचं लोखंडी वजन ठेवलं, आकडे थरथरले आणि ५.०० वर बसले. मग बादली ठेवून शून्य केलं आणि त्यांनी घागरीतून पाणी ओतायला घेतलं, आणि स्क्रीनवर ते पाणी दिसायला लागलं. ०.४०, ०.८५, १.३०, धार जाड झाली की आकडे उड्या मारत, बारीक झाली की एक एक पायरीनं. शेवटचे थेंब पडताना ४.३३, ४.३४, ४.३५ आणि तिथं थांबलं. ओळी येत होत्या, पण सगळ्या सारख्या. आम्ही तिघंही काही न बोलता बघत राहिलो. सव्वीस वर्षं हा माणूस रोज दोनदा दूध मोजतोय आणि मोजणं आतून कसं दिसतं ते त्यानं पहिल्यांदा बघितलं.

मग डेरीचं सॉफ्टवेअर. बॅकअप पेनड्राइव्हवर होता, तो टाकला. नव्या बोर्डानं स्वतःला कॉम सात हा पोर्ट नंबर घेतला होता आणि सॉफ्टवेअरला चारच्या पुढे मोजता येत नव्हतं, ते बदललं. वेग २४०० आधीच भरलेला होता, तो आधी बघायला हवा होता. बादली तशीच काट्यावर होती. मामांनी ४७ हा कोड टाकला, का कोण जाणे, हाताला तोच आला, आणि पावती काढली. प्रिंटर किरकिरला.

वजन ४.३.

मी काट्याकडे बघितलं, ४.३५. माझ्या स्क्रीनवरही ४.३५. मामा म्हणाले, ‘हां, पावतीवर एकच आकडा येतो.’ म्हटलं, कधीपासून? ‘पहिल्यापासून. बसवून दिलं तसंच आहे.’ मी आणखी थोडं पाणी ओतलं, ४.३८ केलं, परत पावती काढली. वाटलं आता तरी ४.४ येईल. ४.३ आलं. म्हणजे जवळच्या आकड्याला नेत नव्हतं, शेवटचा आकडा सरळ कापत होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर तिसऱ्या का चौथ्या पानावर एक छोटी चौकट, दशांश, तिच्यात १.

मी कागद घेतला. कापला जाणारा भाग कधी शून्य, कधी नव्वद ग्रॅम, सरासरी पंचेचाळीस. डेरीला दूध घालणारे साठ. साठ गुणिले पंचेचाळीस, दोन किलो सातशे ग्रॅम, एका वेळेला. मी आकडा मामांकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि मग मला त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. हेच ते दोन-अडीच किलो जास्तीचं. सांडलवंड, फॅटच्या नमुन्याचं दूध, सगळं ज्यातून निघायचं ते. बारा दिवस ते हातानं लिहीत होते, काट्यावरचा आकडा जसाच्या तसा, दशांशाची दोन्ही घरं, म्हणून ते जास्तीचं दूध नाहीसं झालं होतं. त्यांची नजर नीट होती. बारा दिवसांच्या त्या हाताच्या पावत्या ह्या डेरीच्या सगळ्यात खऱ्या पावत्या होत्या.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मामांवर संशय एक क्षणही आला नाही, या माणसानं लोकांच्या लग्नाला, दवाखान्याला दूधबिलाच्या आधी पैसे दिलेले मी बघितलेत. पण मला माझ्याच कामाची भीती वाटली. मी असली सॉफ्टवेअरं लिहिते. असल्या चौकटी मी स्वतः ठेवलेल्या आहेत, काहीतरी टाकायचं म्हणून त्यात एक टाकून पुढं गेलेली आहे. कुणी बसून कट केला असेल असं नाही, कुणीतरी अशीच एक चौकट भरली असेल, जसा मी बाराचा क्रिस्टल घेतला, फरक तरी कितीसा. आणि इकडे एका गायवाल्या बाईचे वर्षाला जवळजवळ तेहतीस किलो दूध गेलं, तीस रुपये धरले तरी हजाराच्या आसपास. सरकी पेंडेच्या पोत्यासाठी आपण काय काय गहाण टाकतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना हजार म्हणजे किती ते सांगायला नको. तारेनं सगळं सांगितलं होतं. काट्यानं कधी एक ग्रॅम लपवला नाही, रोज दोन वेळा, शेवटच्या आकड्यासकट बोलत होता. ऐकणाऱ्यानं ते खाल्लं.

आणि मग आजींचा अंगठा आठवला.

आजी अक्षराकडे बघतच नव्हत्या. वजनाच्या आकड्यावरून अंगठा सरकवत शेवटाला नेला होता आणि तिथं थांबल्या होत्या, जिथं एरवी आकडा संपतो आणि त्या दिवशी अजून एक होता. आम्ही सगळ्यांनी, मामांनी तर फारच, त्याचा अर्थ संशय असा धरला. त्यांना बहुतेक एवढंच विचारायचं होतं की हे जास्तीचं कुठून आलं. मी हे मामांना बोलले. ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरची सुकलेली दुधाची रेघ नखानं खरवडत बसले. मग म्हणाले, ‘दोन कर ते.’ मी त्या चौकटीत एकाचे दोन केले, पावती काढली. ४.३८. मामींना हाक मारून दाखवली. मामी म्हणाल्या, ‘आन् मागचं?’ मामांनी उत्तर दिलं नाही, पण कपाटातून जुनी रजिस्टरं काढायला सांगितलं मामेभावाला, किती सालापासूनची आहेत बघ.

संध्याकाळी साडेपाचला मी बॅग भरून तयार होते, पण एसटी सोडली. रांग लागली, किटल्या आपटल्या, पोरं आपापला नंबर ओरडायला लागली. करडी केबल, मधे माझी काळी टेप गुंडाळलेली, टेबलामागून वर येत होती, आणि मी लाल बोर्डावर पाणी उडू नये म्हणून त्याच्यावर मामींची एक प्लास्टिकची डबी उलटी ठेवली होती, त्यातून बारीक दिवा लुकलुकताना दिसायचा, काटा बोलला की एकदा. बहुतेकांनी पावत्या न बघताच खिशात घातल्या. ४७ नंबरच्या आजी आल्या, किटली ओतली, आकडे पळाले आणि थांबले. प्रिंटर किरकिरला. आजींनी पावती घेतली आणि परत दिव्याखाली गेल्या, परत अंगठा सरकत सरकत शेवटापर्यंत गेला.

‘आज मशीननं काढलंय न्हवं?’

‘व्हय आजी.’

‘मग ह्ये पाच ऱ्हायलं कसं?’

मागं रांग होती. मामांनी ४८ नंबरच्या पोराला थांब म्हणून हात केला, आपली खुर्ची रिकामी करून पुढं सरकवली आणि म्हणाले, ‘बसा आजी. सांगतो.’